ढगूचं नाक : नागपुरातल्या एका फ्रेंच बुलडॉगची अडीच वर्षं

ढगूच्या घरच्यांनी हे लिहायला परवानगी दिली. अट एकच घातली: माणसांची नावं नकोत, ढगूचं नाव मात्र बदलायचं नाही.

तो पहिल्यांदा माझ्या दवाखान्यात आला तो फेब्रुवारीचा दुसरा आठवडा होता. वजन 2 किलो 100 ग्रॅम. सूनबाईंच्या शालीत गुंडाळलेला, शालीबाहेर फक्त दोन वटवाघळी कान. रंग पावसाळी ढगासारखा राखाडी, म्हणून घरातल्या नऊ वर्षांच्या मुलीनं त्याचं नाव ढगू ठेवलं. सोबत मुलीचे आईबाबा आणि आजोबा. आजोबा काटोलकडचे. उभं आयुष्य वावरात गेलेलं, आता मुलाकडे तिसऱ्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये राहतात. कुत्रा हवा होता तो खरं तर त्यांना. आजी गेल्यानंतर दुपार जात नव्हती.

पिल्लू 60,000 रुपयांचं. विक्रेता दुसऱ्या शहरातला, इन्स्टाग्रामवर सापडलेला. फोटो पाहून निम्मे पैसे फोनवरून भरले, उरलेले पिल्लू निघायच्या आधी. रात्रीच्या ट्रॅव्हल्सनं, भोकं पाडलेल्या प्लास्टिकच्या टोपलीत, ड्रायव्हरच्या पायाशी बसून ढगू नागपूरला आला. वय 50 दिवस असं सांगितलेलं. मला दात बघून आठवडाभर कमीच वाटलं. केंद्र सरकारच्या 2017 च्या श्वान प्रजनन आणि विक्री नियमांप्रमाणे आठ आठवड्यांच्या आतलं पिल्लू विकताच येत नाही. म्हणजे विक्रेत्याचाच आकडा खरा धरला तरी विक्री नियमाबाहेरची होती. मायक्रोचिप नव्हती, आईवडिलांचे कागद नव्हते. ‘चॅम्पियन लाइन’ हे शब्द तेवढे व्हॉट्सअ‍ॅपवर होते.

मी तपासलं. हृदय ठीक, पोटात जंत, कानात थोडा मळ. नाकपुड्या मात्र उभ्या स्वल्पविरामासारख्या, अगदी बारीक फटी. श्वास आत घेताना त्या आणखी आत ओढल्या जात होत्या. मी कार्डावर लिहिलं: ‘नाकपुड्या अरुंद. लक्ष ठेवणे.’ तोंडानं म्हटलं, “नाक थोडं बारीक आहे त्याचं, बघू पुढे.” मुलगी त्याच्या कपाळाची पापी घेत होती, आजोबा खूप दिवसांनी हसत असावेत असं सूनबाईंच्या चेहऱ्यावरून कळत होतं. त्या आनंदात मला विरजण घालायचं नव्हतं. जंताचं औषध दिलं, लसीची पुढची तारीख दिली, घरी पाठवलं.

ते वाक्य मी अर्धवट सोडलं. ते पूर्ण करण्यासाठी हे लिहिते आहे.

चेहरा आखूड, आतलं सामान तेवढंच

एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला इंग्लंडमधल्या नॉटिंगहॅमचे लेस विणणारे कारागीर यंत्रांमुळे काम गेलं म्हणून फ्रान्सच्या नॉर्मंडी भागात गेले आणि जाताना आपले छोटे बुलडॉग बरोबर घेऊन गेले, असा या जातीचा सर्वसाधारणपणे सांगितला जाणारा इतिहास आहे. पुढे पॅरिसमध्ये ती फॅशन झाली, अमेरिकेत 1897 साली तिचा स्वतंत्र क्लब निघाला. आज तिथे ही सर्वाधिक लोकप्रिय जात आहे. 2022 च्या नोंदणीत तिनं लॅब्राडोरला मागे टाकलं, आणि लॅब्राडोर त्या जागेवर 31 वर्षं होता. आपल्याकडे एका मोबाइल कंपनीच्या जाहिरातीमुळे 2003 नंतर घरोघरी पग आले ते अनेकांना आठवत असेल. आता तशीच लाट फ्रेंच बुलडॉगची आहे, फक्त जाहिरातीची जागा रील्सनी घेतली आहे.

माणसानं पिढ्यानपिढ्या निवड करून या कुत्र्याचा चेहरा आखूड केला, कारण आपल्याला गोल डोकं, मोठे डोळे आणि बसकं नाक बाळासारखं वाटतं. पण आखूड झालं ते हाड. हाडाच्या आतलं मांस त्या प्रमाणात कमी झालं नाही. मोठ्या ट्रंकेतलं सगळं सामान छोट्या पिशवीत कोंबावं तसं ते आत दाटीवाटीनं बसलं आहे. टाळूचा मागचा मऊ भाग लांब राहतो आणि श्वासनळीच्या तोंडावर लोंबतो. नाकातल्या नाजूक पापुद्र्यांना जागा उरत नाही, ते हवेच्या वाटेत वाढतात. बाहेरच्या नाकपुड्या फटीएवढ्या. या सगळ्याला मिळून आम्ही बीओएएस म्हणतो, म्हणजे आखूड चेहऱ्यामुळे श्वासाची वाट अडण्याचा विकार. कुणाला कमी, कुणाला जास्त, आणि काही फ्रेंच बुलडॉग खरोखर मोकळा श्वास घेतात हेही सांगायला हवं. पण जे घोरणं, घुरघुरणं लोकांना गोड वाटतं तो बहुतेक वेळा अडलेल्या हवेचा आवाज असतो.

नागपूरकरांना हे कूलरवरून चटकन समजतं. कुत्र्याला माणसासारखा अंगभर घाम येत नाही, येतो तो पंजांच्या गाद्यांना, तोही नावापुरता. अंगातली उष्णता बाहेर टाकायचा त्याचा खरा मार्ग म्हणजे धापा टाकणं. नाकातल्या आणि जिभेवरच्या ओलाव्यावरून वारा जातो, पाणी उडून जातं, रक्त थंड होतं. कूलरच्या ओल्या ताट्यांमधून वारा खेचला की खोली थंड होते, तेच तत्त्व. आता ताट्या चिखलानं बुजल्यात अशी कल्पना करा. मोटर जोरात फिरते, तापते, वारा येत नाही. फ्रेंच बुलडॉग उन्हात जेवढ्या जोरात धापा टाकतो तेवढे त्याचे छातीचे स्नायू अधिक उष्णता तयार करतात, घशाला सूज येते, वाट आणखी अरुंद होते, म्हणून तो आणखी जोर लावतो. जून उजाडून हवेत दमटपणा आला की कूलर जसा निरुपयोगी होतो तशी धापही निरुपयोगी होते. म्हणून पुण्यामुंबईच्या लोकांनी ‘आमच्याकडे कुठे 45 अंश’ म्हणून निश्चिंत राहू नये. मुंबईचा दमट मे महिना या कुत्र्यासाठी विदर्भाएवढाच कठीण आहे.

पहिलं वर्ष

पहिला उन्हाळा ढगूनं एसीच्या खोलीत काढला, लहान होता, खेळ बेताचा होता. त्याच्या घोरण्याचा व्हिडिओ कुटुंबाच्या ग्रुपवर गाजला. सूनबाईंनी मलाही पाठवला होता. मी हसरा चेहरा पाठवला. तो संदेश अजून फोनमध्ये आहे.

सातव्या-आठव्या महिन्यापासून जेवण झालं की पांढरा फेस आणि न पचलेले दाणे बाहेर यायला लागले. घरच्यांना वाटलं खाणं बाधतंय. तीन वेळा ब्रँड बदलला. खरं कारण घशातच होतं. नाक बंद असताना प्रत्येक श्वास छातीनं जोर लावून खेचावा लागतो, त्या ओढीनं जठरातलं वर येतं. चपट्या तोंडाच्या कुत्र्यात सतत ओकारी दिसली तर आधी श्वास बघावा, मग पोट, हे पशुवैद्यकात आता नीट माहीत झालेलं आहे. मी तेव्हा पित्ताचं औषध दिलं. थोडा फरक पडला, आणि फरक पडला म्हणून आम्ही सगळे गप्प बसलो.

कान दोनदा चिघळले. चेहऱ्याच्या घड्यांत ओल साचून वास यायला लागला, तिथे रोज पुसून कोरडं करायची सवय मुलीनं स्वतःहून लावून घेतली. पाठीवरचे केस विरळ झाले. हा राखाडी रंग, ज्याला विक्रेते ‘ब्लू’ म्हणून जास्त भावानं विकतात, मूळ रंग फिका करणाऱ्या एका जनुकातून येतो. अशा काही कुत्र्यांचे केस त्या दोषामुळे गळतात आणि ते परत येत नाहीत. जातीचे जुने क्लब हा रंग मान्यच करत नाहीत. ठिपक्याठिपक्यांचा ‘मर्ल’ तर आणखी वाईट, कारण तसे दोन कुत्रे एकमेकांना लावले तर आंधळी-बहिरी पिल्लं जन्मू शकतात. दुर्मिळ रंग म्हणून कोणी जास्त पैसे मागत असेल तर तो कुत्र्याची अडचण तुम्हाला चढ्या दरानं विकतो आहे.

वजनाचं मात्र घरातच झालं. आजोबा सकाळी चहाबरोबर टोस्ट खात, अर्धा ढगूचा. दुपारी पोळीचा तूप लावलेला तुकडा. “मॅडम, बघत बसते ना लेकरू तोंडाकडे,” असं ते म्हणत. वर्षाचा झाला तेव्हा काट्यावर 14 किलो 600 ग्रॅम. त्याच्या हाडापेराला साडेअकरा-बारा पुरे होते. बीओएएस असलेल्या कुत्र्याच्या गळ्याभोवती साचलेली चरबी म्हणजे आधीच अरुंद नळीला बाहेरून आवळलेली मूठ. हे मी सांगितलं, पण लसीकरणाच्या गडबडीत, दाराशी उभं राहून, आणि आजोबांकडे न बघता.

नवतपा

दुसऱ्या उन्हाळ्यात मेचा शेवटचा आठवडा. नवतपा, म्हणजे मेअखेरचे ते भाजून काढणारे नऊ दिवस, लागलेला, दुपारी पारा 45 च्या वर. संध्याकाळी सातच्या सुमाराला सोसायटीची वीज गेली. तासभर आली नाही. फ्लॅट तापला म्हणून आजोबा ढगूला घेऊन खाली उतरले. सूर्य मावळला होता, वाऱ्याची झुळूक होती, माणसाला बाहेर बरं वाटत होतं. पण नागपूरचे सिमेंटचे रस्ते रात्री दहापर्यंत वाफ सोडतात, आणि ढगूचं नाक त्या रस्त्यापासून वीतभर उंचीवर होतं. पोरं चेंडू खेळत होती. ढगू त्यांच्यामागे धावला. दहा मिनिटं. मग बसला, मग आडवा झाला.

आजोबांनी जे केलं ते कुणीही केलं असतं. त्याला उचलून वर नेलं, बाथरूममध्ये नळाखाली धरलं, मग ओल्या टॉवेलात घट्ट गुंडाळलं आणि मुलानं गाडी काढली. दवाखान्यात पोचायला पंचवीस मिनिटं लागली.

“आत्तापर्यंत खेळून राहिला होता मॅडम, एकदम खालीच बसला,” एवढंच आजोबा परत परत सांगत होते. ढगूची जीभ जांभळी पडली होती. घशातून करवतीसारखा आवाज. गुदद्वारातून घेतलेलं तापमान 107.4 अंश फॅरनहाइट. निरोगी कुत्र्याचं 101 ते 102.5 असतं.

दोन गोष्टी इथे थांबून सांगते, कारण त्या कुठल्याही जातीच्या कुत्र्याला लागू आहेत. मे महिन्यात गच्चीवरच्या टाकीतून नळाला येणारं पाणी हाताला चटका देतं. त्यानं कुत्रा थंड होत नाही. बादलीभर पाणी सावलीत भरून ठेवलेलं असावं, नाहीतर फ्रिजमधल्या बाटल्या, माठ, जे थंड असेल ते अंगावर ओतावं आणि सोबत जोराचा पंखा लावावा. पंखा महत्त्वाचा, कारण पाणी उडून गेलं तरच उष्णता जाते. आणि ओला टॉवेल गुंडाळून ठेवू नये. दोन मिनिटांत तो अंगाच्या उष्णतेनं गरम होतो आणि गोधडीचं काम करतो. टॉवेल काढा, पोट आणि मांड्यांच्या आतल्या बाजू भिजवत राहा, गाडीचा एसी पूर्ण वेगानं चालू करून त्याच्या झोतासमोर धरा. आधी थंड करायला लागा, मग निघा. निघतानाही थंड करणं थांबवू नका. वाटेत गेलेली पंचवीस मिनिटं ढगूला जवळजवळ भोवली होती.

आम्ही त्याला टेबलावरच भिजवलं, दोन पंखे लावले, ऑक्सिजन दिला, शिरेतून सलाइन. श्वासासाठी चाललेली धडपडच त्याला तापवत होती, म्हणून हलकं गुंगीचं औषध दिलं. 103.5 वर आल्यावर पाणी थांबवलं, त्यापुढे तापमान आपसूक घसरत जातं आणि मग उलटा धोका होतो. ताप उतरला म्हणजे सुटलो असं उष्माघातात नसतं. मूत्रपिंड, यकृत, रक्त गोठण्याची क्रिया, हे सगळं पुढच्या दोन-तीन दिवसांत कोलमडू शकतं. दोन रात्री तो आमच्याकडे होता. आजोबा बाहेरच्या बाकावर. दुसऱ्या दिवशी पहाटे त्यांनी मला विचारलं, “आमच्या वावरातला काळू भर उन्हात बंडीखाली पडून राहायचा, त्याले कधी काही झालं नाही. मग ह्याले काहून होते?”

काळूचं नाक लांब होतं. हे मी त्यांना तेव्हा सांगितलं, सोळा महिने उशिरा. कागदावर दोन डोकी काढून दाखवली, एक काळूचं, एक ढगूचं, हवा कुठून जाते आणि कुठे अडते ते. त्यांनी कागद घडी करून खिशात ठेवला. ते स्वतःला दोष देत होते आणि मला ते सहन होत नव्हतं. चूक त्यांच्या चेंडूखेळाची नव्हती. संध्याकाळच्या दहा मिनिटांच्या खेळानं ज्याचा जीव जाऊ शकतो असं शरीर त्यांच्या हातात देण्यात आलं होतं, आणि ज्यांना ते कळत होतं त्यांनी सांगितलं नव्हतं. त्यात मी होते.

शस्त्रक्रिया आणि फाइल

पावसाळा लागून हवा निवळल्यावर ढगूला दुसऱ्या शहरातल्या शल्यचिकित्सकाकडे नेलं, रात्रीच्या प्रवासात, एसी गाडीतून. आधी वजन 13 किलोच्या खाली आणायची अट होती. आजोबांनी टोस्ट स्वतःही सोडला.

तिथे केंब्रिज विद्यापीठाच्या पद्धतीनं चाचणी झाली. ही पद्धत साधी आहे. शांत असताना स्टेथोस्कोपनं घसा ऐकायचा, मग तीन मिनिटं झपाझप चालवायचं, लगेच पुन्हा ऐकायचं. शून्य ते तीन अशी श्रेणी देतात. शून्य म्हणजे मोकळा, तीन म्हणजे गंभीर. ढगूला तीन मिळाली. नाकपुड्यांच्या कडा कापून रुंद केल्या, लोंबणारी टाळू आखूड केली. अशा कुत्र्यांत भूल देण्यापेक्षा भूल उतरतानाचा वेळ अधिक धोक्याचा असतो. घशातली नळी काढली की सुजलेली वाट मिटू शकते. म्हणून तो पूर्ण जागा होऊन नळी चावायला लागेपर्यंत ती काढत नाहीत, आणि पहिली रात्र कुणीतरी जागं बसतं. ज्या ठिकाणी शस्त्रक्रिया करणार तिथे रात्री कोण थांबतं, हे विचारल्याशिवाय होकार देऊ नका.

छातीच्या एक्स-रेत आणखी एक गोष्ट दिसली. पाठीच्या कण्यात दोन मणके अर्धवट घडलेले. या जातीची ती छोटी पिळदार शेपटी लोकांना आवडते, ती मुळात वेड्यावाकड्या मणक्यांचीच असते, आणि तो दोष कधी कधी शेपटीवर थांबत नाही. शिवाय मणक्यांमधल्या गाद्या लहान वयात कडक होऊन सटकण्याचा धोका या जातीत मोठा. ढगूला अजून त्रास नाही. सोफ्यासमोर दोन पायऱ्यांचा लाकडी पाट ठेवला आहे, गळ्यात पट्टा नाही, छातीवरून बांधायचा हार्नेस आहे.

शस्त्रक्रियेनं तो बरा झाला का? ओकारी जवळजवळ थांबली. रात्री झोपतो. पूर्वी बसून, हनुवटी सोफ्याच्या काठावर टेकवून झोपायचा. घरच्यांना ती त्याची ऐट वाटत होती, खरं तर आडवं पडलं की घसा मिटत होता. सहा महिन्यांनी श्रेणी तीनवरून एकवर आली. पण नाकाच्या आतली दाटी तशीच आहे. तो साधा कुत्रा झालेला नाही. हीच शस्त्रक्रिया वर्षभर आधी, घशातली मऊ हाडं ताणून सैल पडायच्या आत झाली असती तर अधिक बरं झालं असतं. सातव्या महिन्यातला तो फेस मी नीट वाचला असता तर ते शक्य होतं.

सूनबाई बँकेत आहेत, त्यांनी प्रत्येक पावती फाइलला लावलेली आहे. अडीच वर्षांची बेरीज त्यांनी मला दाखवली: पिल्लाची किंमत सोडून 2 लाख 40 हजारांच्या आसपास. त्यात उष्माघाताच्या दोन रात्री, शस्त्रक्रिया, कान, कातडी, तपासण्या. खाणं वेगळं, उन्हाळ्यात दिवसभर चालणाऱ्या एसीचं बिल वेगळं, आणि वीज गेली तर म्हणून घेतलेला इन्व्हर्टर वेगळा. विमा काढायला गेल्या तेव्हा अटींमध्ये जन्मजात दोष वगळलेले निघाले, आणि ढगूचे जवळपास सगळे आजार त्याच सदरात बसत होते. त्यांनी तक्रारीचा एक शब्द काढला नाही. फक्त म्हणाल्या, “आधी माहीत असतं तर आम्ही नाही म्हटलं असतं असं नाही. पण निदान तयारीनं हो म्हटलं असतं.”

आता पहिल्या भेटीत मी काय बोलते

फ्रेंच बुलडॉग घ्यायचा विचार आहे असं कुणी म्हणालं की मी त्यांना दुकानात किंवा ऑनलाइन पिल्लू बघायच्या आधी माझ्याकडे बोलावते. फी घेत नाही.

आठ आठवड्यांच्या पिल्लाकडे बघून पुढे त्याचा श्वास कसा असेल हे छातीठोक सांगता येत नाही. हा आजार वाढत्या वयाबरोबर उघड होतो. म्हणून बघायचे ते आईवडील. ते समोर असायला हवेत, निदान आई तरी. तिला दहा मिनिटं फिरवायला सांगा. फिरून आल्यावर ती तोंड मिटून श्वास घेऊ शकते का, आवाज येतो का, नाकपुड्या उघड्या आहेत का, चेहऱ्याला थोडं तरी नाक आहे का. नेदरलँड्समध्ये 2019 पासून ज्या कुत्र्याचं नाक कवटीच्या लांबीच्या एक तृतीयांशापेक्षा कमी आहे त्याच्यापासून पैदास करायला मनाई आहे. आपल्याकडे असा कायदा नाही, पण डोळ्यांना तो दंडक लावायला कुणाची हरकत नाही. जितकं चपटं तितकं ‘शुद्ध’ असं विक्रेता म्हणाला की तिथून निघावं.

विक्रेता राज्य पशुकल्याण मंडळाकडे नोंदलेला आहे का, पिल्लाला चिप आहे का, हे विचारायचा तुम्हाला हक्क आहे. आईचं वय आणि तिची किती वेतं झाली हेही विचारा. 2017 च्या त्याच नियमांत अठरा महिन्यांच्या आतली मादी लावू नये असं म्हटलेलं आहे. ही माहिती नुसती कागदी नाही. ब्रिटनमधल्या 2010 साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या पाहणीत फ्रेंच बुलडॉगची 81 टक्के वेतं सिझेरियननं झालेली होती, कारण पिल्लांची डोकी मोठी आणि आईचा कंबरेचा भाग अरुंद. म्हणजे रीलमधल्या प्रत्येक गोजिऱ्या पिल्लामागे बहुधा एक टाके घातलेली मादी असते. ती कुठे आहे, कशी आहे, हे विचारल्याशिवाय पैसे देऊ नयेत असं मला मनापासून वाटतं.

घरात दिवसा कोण असतं, वीज गेली तर काय सोय, हे मी विचारते. विमानानं बदलीच्या गावी जाणाऱ्या लोकांना सांगते की अनेक विमान कंपन्या चपट्या तोंडाचे कुत्रे सामानकक्षातून नेत नाहीत. कोकणात घर असेल तर सांगते की हा कुत्रा पोहत नाही, जड डोकं आणि आखूड तोंड यांमुळे बुडतो. आयुष्याबद्दलही बोलते. ब्रिटनमधल्या 2024 च्या अभ्यासात सगळ्या कुत्र्यांचं मध्यम आयुर्मान साडेबारा वर्षं निघालं, फ्रेंच बुलडॉगचं 9.8. नऊ वर्षांच्या मुलीच्या घरात हा आकडा मी तिच्यासमोर सांगत नाही, पण आईबाबांना सांगते.

एवढं ऐकून ज्यांचं मन ठाम राहतं त्यांना मी मोठा, दोन-तीन वर्षांचा कुत्रा बघायला सुचवते. बदलीमुळे किंवा खर्चामुळे लोक असे कुत्रे सोडतात. त्या वयात श्वास कसा आहे हे तीन मिनिटांच्या चालण्यात कळतं, गुलदस्त्यात काही राहत नाही. आणि ज्यांना खरं तर फक्त सोबत हवी आहे, आजोबांना होती तशी, त्यांना मी आमच्या गल्लीतल्या गावठी पिल्लांकडे घेऊन जाते. लांब नाक, सरळ शेपटी, नवतप्यात सावलीला निवांत पडून राहणारी.

याचा अर्थ ढगू नको होता असा नाही. इतका मायाळू, माणसाच्या मनाचा इतका नेमका अंदाज घेणारा कुत्रा मी क्वचित पाहिला आहे. आजोबांच्या गुडघ्यावर हनुवटी ठेवून तो त्यांच्याबरोबर दुपारच्या बातम्या बघतो. त्याच्या स्वभावात काहीच खोट नाही, म्हणून त्याच्या घशाबद्दल अधिक वाईट वाटतं.

मागच्या महिन्यात सूनबाई ढगूला नखं कापायला घेऊन आल्या, बरोबर खालच्या मजल्यावरच्या एक बाई. त्यांच्या मुलाला हुबेहूब ढगूसारखा कुत्रा हवा आहे आणि विक्रेताही ठरला होता. नखं झाल्यावर सूनबाईंनी माझ्याकडे स्टेथोस्कोप मागितला. शेजारणीच्या कानात घातला, ढगूच्या गळ्यावर टेकवला आणि म्हणाल्या, “हा ऑपरेशननंतरचा आवाज आहे.” बाई बराच वेळ ऐकत राहिल्या. मग त्यांनी माझ्यासमोरच विक्रेत्याला निरोप पाठवला: पिल्लाच्या आईचा व्हिडिओ हवा, चालून आल्यानंतरचा, आवाजासकट.

परवा ढगूच्या लसीच्या वेळी मी विचारलं. व्हिडिओ अजून आलेला नाही. पिल्लाचे फोटो मात्र रोज येतात.